बोरूचा कोन आणि आयपॅडची काच: देवनागरी सुलेखनासाठी प्रोक्रिएट कितपत कामाचं?

नाटकाचं शीर्षक, लग्नपत्रिकेवरची नावं, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, मंडळाच्या कमानीवरचा मजकूर अशी कामं करणाऱ्यांच्या टेबलावर बोरू, कट निब आणि चपट्या ब्रशच्या शेजारी आता आयपॅड दिसतो, आणि त्यात बहुधा प्रोक्रिएट असतं. हे अ‍ॅप मुळात चित्रकारांसाठी बनलेलं. चित्रं काढायला ते कसं आहे, याची परीक्षणं ढिगानं सापडतील. इथे एकच गोष्ट तपासली आहे: हाताला बोरूचं वळण असलेल्या माणसाला देवनागरी अक्षर लिहायला ते कितपत उपयोगी पडतं?

निकाल आधीच सांगून टाकतो. अ‍ॅपसोबत आलेल्या ब्रशनी लिहायला बसलात तर अक्षर देवनागरीच्या वळणाचं दिसणारच नाही, आणि दोष आपल्या हाताचा आहे असं वाटत राहील. अर्धा तास घालवून ब्रश स्वतः बनवलात, तर या किमतीत याच्या तोडीचं दुसरं साधन नाही. मात्र अक्षर लोगो म्हणून द्यायचं असेल किंवा त्याचा फॉन्ट करायचा असेल, तर काम प्रोक्रिएटमध्ये संपत नाही. ते पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावंच लागतं.

प्रोक्रिएट टास्मानियातल्या सॅव्हेज इंटरॲक्टिव्ह या कंपनीचं, २०११ पासूनचं. ते फक्त आयपॅडवर चालतं. विंडोज किंवा अँड्रॉइडसाठी ते नाही. पैसे एकदाच भरायचे; अमेरिकेत किंमत १२.९९ डॉलर आहे, दरमहा वर्गणी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की आपल्या अ‍ॅपमध्ये चित्र बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणणार नाही. हातानं अक्षर काढून पोट भरणाऱ्यांना ही भूमिका आवडण्यासारखी आहे. पण अ‍ॅप घ्यायचं ते ब्रशच्या इंजिनासाठी, जाहीरनाम्यासाठी नव्हे.

गाडं अडतं ते कोनापाशी

देवनागरीचा जाड-बारीकपणा कोनातून येतो. बोरूची जीभ तिरकी कापलेली असते. कागदावर टेकलेल्या धारेचं डावं टोक वर आणि उजवं टोक खाली, साधारण ४५ अंशांत. म्हणून वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे ओढलेली रेघ सगळ्यात जाड उमटते आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारी सगळ्यात बारीक. रोमन कॅलिग्राफीत हे बरोबर उलटं असतं. ४५ अंशांचा आणखी एक परिणाम म्हणजे उभा दांडा आणि आडवी शिरोरेषा सारख्या जाडीच्या येतात, निबच्या रुंदीच्या सुमारे ०.७ पट. ६ मिलिमीटरच्या निबनं ओढलेला दांडा ४.२ मिलिमीटरचा. दांड्याचं खालचं टोकही तिरकं सुटतं, उजवा कोपरा डाव्यापेक्षा खाली.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘जैनी’ हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून फुकट उतरवून घ्यावा. १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितातल्या अक्षरांवर तो बेतलेला आहे. पडद्यावर ‘व’, ‘ठ’, ‘र’ आणि ‘ळ’ हातभर मोठे करून वळणं कुठे जाड आणि कुठे बारीक होतात ते नीट पाहिलं, की ब्रश बनवताना नेमकं काय साधायचं आहे ते कळतं. (विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्टही सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्याच हातचा. रोजच्या ईमेलमधली देवनागरीसुद्धा अशी बोरू धरणाऱ्या माणसाकडून आली आहे.)

प्रोक्रिएटच्या कॅलिग्राफी संचातले ‘स्क्रिप्ट’सारखे ब्रश मात्र दाबावर चालतात: आयपॅडची पेन्सिल दाबली की रेघ जाड, सैल धरली की बारीक. टोकदार निबच्या इंग्रजी लिखाणाची ही पद्धत. त्यानं ‘श्री’ काढलं तर खाली येणारी प्रत्येक रेघ फुगते, वळणावर नको तिथे बारीक होते, आणि शिरोरेषा दांड्याच्या निम्म्या जाडीची उमटते. ‘मोनोलाइन’नं लिहिलं तर सगळंच एका जाडीचं. कच्च्या आराखड्याला ते ठीक, त्यापुढे नाही. तयार चपटे ब्रश इंटरनेटवर विकत मिळतात, पण घेण्याआधी त्यांचा कोन तपासावा. बरेचसे रोमनसाठी कापलेले असतात.

ब्रश बनवायचा तो असा

२०४८ × २०४८ पिक्सेलचा चौकोनी कॅनव्हास घ्या. पार्श्वभूमी काळी. मधोमध एक पांढरी आडवी पट्टी, १८०० पिक्सेल लांब आणि १२० जाड. ट्रान्सफॉर्ममध्ये ४५ अंश फिरवण्याचं बटण आहे, ते एकदा दाबलं की पट्टी तिरकी होते. डावं टोक वर आहे याची खात्री करा. उलटं झालं असेल तर आडवं फ्लिप करा. लांबी आणि जाडीचं हे १५ ला १ प्रमाण मुद्दाम धरलं आहे. पट्टी याहून बारीक केली तर बारीक रेघा छपाईत तुटतात, आणि जाड केली तर अक्षरातला जाड-बारीक फरक मरतो.

हे चित्र फोटोंमध्ये साठवून ब्रश स्टुडिओत नवा ब्रश उघडा आणि ‘शेप’मध्ये आयात करा. शेपमध्ये पांढरा भाग उमटतो आणि काळा उमटत नाही. उलट झालं असेल तर त्या चित्रावर दोन बोटांनी टिचकी मारली की रंग पालटतात. आता कळीचे आकडे. शेपमधलं ‘रोटेशन’ शून्यावर, ‘स्कॅटर’ शून्यावर आणि ‘अ‍ॅझिमथ’ बंद. ‘स्ट्रोक पाथ’मधलं ‘स्पेसिंग’ अगदी किमान. ‘टेपर’मध्ये दोन्ही टोकं शून्यावर. ‘अ‍ॅपल पेन्सिल’मध्ये दाबाशी जोडलेले आकार, अपारदर्शकता आणि फ्लो हे तिन्ही शून्यावर. ‘ग्रेन’, म्हणजे रेघेतला पोत, सध्या रिकामं. थरथरती रेघ आपोआप गुळगुळीत करणारं ‘स्ट्रीमलाइन’ १० ते १५ टक्के, त्याहून जास्त नाही.

यातलं काही चुकलं तर ते अक्षरात लगेच दिसतं, आणि कारणंही ठरलेली असतात. कडा करवतीसारखी आली तर स्पेसिंग जास्त आहे: ब्रश म्हणजे पट्टीचे एकामागोमाग मारलेले शिक्के, त्यांच्यातलं अंतर वाढलं की पायऱ्या दिसतात. शब्द लिहिता लिहिता कोन हळूहळू बदलत असेल तर अ‍ॅझिमथ चालू राहिलं आहे. ओळ उजवीकडे सरकते तशी मनगटासोबत पेन्सिलही कलते आणि ब्रश तिच्या मागे फिरतो. वळणावर पट्टी स्वतःच गोल फिरत असेल तर रोटेशन शून्यावर नाही. शेप रेघेच्या दिशेनं वळतोय, त्यामुळे जाड-बारीक फरकच उरत नाही. दांड्याचा वरचा भाग निमुळता येत असेल तर टेपर तपासा. स्ट्रीमलाइनचा घोळ मात्र उशिरा लक्षात येतो. ३०-४० टक्क्यांवर लिहिताना फार छान वाटतं, रेघ लोण्यासारखी सरकते. पण ‘ळ’ची आतली गाठ, ‘ह’चा मोडलेला कोपरा, ‘क्ष’मधला वेढा ही सगळी टोकं बोथट होऊन गोल गोल होतात. अक्षर गुळगुळीत दिसतं आणि निर्जीव होतं. हात थरथरत असेल तर स्ट्रीमलाइन वाढवण्याऐवजी अक्षर मोठं लिहा आणि खांद्यातून ओढा.

‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ओरिएंट टू स्क्रीन’ नावाचं एक बटण आहे, त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. कागदावर लिहिताना आपण कागद थोडा तिरका करतो आणि हातातल्या बोरूचा कोन तसाच राहतो. आयपॅडवर दोन बोटांनी कॅनव्हास फिरवला, तर निबचा कोन पडद्याला बांधलेला हवा की कॅनव्हासला, हे या बटणावर ठरतं. दोन्ही स्थितींत कॅनव्हास फिरवून एकेक उभा दांडा ओढून पाहा आणि आपल्या सवयीचं ठेवा. हे न ठरवता फिरवत फिरवत लिहिलं तर पहिला शब्द एका कोनात आणि तिसरा दुसऱ्या कोनात येतो, आणि काय बिघडलं ते कळतही नाही.

आखणी

३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० पिक्सेल) ६ मिलिमीटर म्हणजे ७१ पिक्सेल. ब्रशच्या आकाराची पट्टी टक्क्यांत चालते, मिलिमीटरमध्ये नाही. म्हणून ‘ड्रॉइंग गाइड’मधली टू-डी ग्रिड चालू करून घराचा आकार ६ मिलिमीटर द्या. पट्टीचा शिक्का तिरका असतो, तेव्हा त्याच्या लांबीनं घराचा कर्ण भरू नका. पट्टीची लांबी घराच्या एका बाजूइतकी आली पाहिजे. आकार जुळला की आकाराच्या पट्टीवरच्या अधिकच्या खुणेनं तो साठवून ठेवा. एका ब्रशचे चार आकार असे साठवता येतात: शीर्षक, उपशीर्षक, नावं आणि तळटीप, एवढ्यात पत्रिकेचं काम भागतं.

अक्षराची उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत पाच घरं धरावी. वर मात्रा, रफार आणि अनुस्वारासाठी तीन, खाली उकार आणि ऋकारासाठी अडीच. म्हणजे दोन ओळींत साडेदहा ते अकरा घरांचं अंतर लागतं. रोमन लिपीच्या सवयीनं ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘कीं’च्या डोक्यावर बसतो. पाच घरांचं हे प्रमाण मध्यम वजनाचं आहे. चार घरांत लिहिलं तर अक्षर ठसठशीत आणि भारदस्त होतं, पण ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ध’ यांच्या पोटात जागा उरत नाही. सात घरांत अक्षर सडपातळ होतं.

गाइडबरोबर एक सापळाही येतो. ‘असिस्टेड ड्रॉइंग’ त्या थरावर (लेयरवर) चालू राहिलं तर ब्रश फक्त आडव्या आणि उभ्याच रेघा ओढतो. ‘अ’ काढायला गेलं की चौकोन उमटतो. ते बंद करून लिहायचं. काही जण शिरोरेषेपुरतं वेगळ्या थरावर ते चालू ठेवतात, म्हणजे रेघ समपातळीत येते. तसं करू नये. यंत्रानं सरळ केलेल्या शिरोरेषेखाली हाताचं अक्षर लटकवल्यासारखं दिसतं. अक्षरं आधी आणि शिरोरेषा शेवटी, एका दमात, हातानंच.

काच

पडद्याची काच घसरते. बोरू कागदाच्या दातांवर अडतो आणि त्या अडण्यातूनच हाताला वेग कळतो. काचेवर दांडा हवा त्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली जाऊन थांबतो. मॅट फिल्म लावली की हा त्रास बराच कमी होतो, पण पेन्सिलचं टोक लवकर झिजतं आणि पडदा किंचित धूसर दिसतो. सुलेखन हेच मुख्य काम असेल तर फिल्म लावाच. रंगकाम जास्त असेल तर काढघाल करता येणारी फिल्म घ्यावी.

प्रेफरन्सेसमध्ये ‘जेस्चर कंट्रोल’मध्ये जाऊन बोटानं रंगवणं बंद करा. नाहीतर तळहाताच्या कडेनं कुठेतरी एक ठिपका उमटतो आणि तो अनुस्वार समजून छापला जातो.

पेन्सिल कोणती घ्यायची, या प्रश्नाचं उत्तर सुलेखनाला थोडं वेगळं आहे. यूएसबी-सी प्रकारच्या अ‍ॅपल पेन्सिलला दाब कळत नाही, म्हणून चित्रकार ती घेत नाहीत. वर सांगितलेला ब्रश दाब वापरतच नाही, त्यामुळे नुसत्या निबच्या कामाला ही स्वस्त पेन्सिल पुरते. गोल ब्रशचं, म्हणजे दाबून फुलवायचं काम करायचं असेल तर मात्र पहिली, दुसरी किंवा प्रो पेन्सिल लागेल. २०२४ मध्ये आलेल्या पेन्सिल प्रोला बोटांत फिरवलेलं कळतं, आणि प्रोक्रिएटच्या ‘शेप’मध्ये ‘बॅरल रोल’ निवडलं की निब खरोखर हातात फिरते. ‘र’च्या शेपटीला किंवा वेलांटीच्या टोकाला बोरू किंचित वळवून रेघ निमुळती सोडतात, ही खुबी तिनं साधते. पण आधी स्थिर कोनात अक्षर बसलेलं असावं लागतं. नवख्या हातात बॅरल रोल दिला तर प्रत्येक दांड्याची जाडी वेगळी येते. शिवाय ही पेन्सिल एम-४ आयपॅड प्रो, एम-२ आयपॅड एअर अशा नव्या पिढीच्या आयपॅडवरच चालते, म्हणजे खर्च दुप्पट. बहुतेकांना त्याची गरज नाही.

कोरडा ब्रश, मोडी आणि रांगोळी

चपट्या ब्रशनं पोस्टर रंगाचा फटकारा मारल्यासारखं शीर्षक हवं असेल तर वरच्याच ब्रशची प्रत करून ‘ग्रेन’ भरा. इथे ‘मूव्हिंग’ आणि ‘टेक्स्चराइज्ड’ या दोन पर्यायांतला फरक समजून घ्यावा. मूव्हिंगमध्ये पोत रेघेसोबत ओढला जातो, म्हणून केसांच्या लांब रेषा दिसतात. रंग संपत आलेला ब्रश असाच उमटतो. टेक्स्चराइज्डमध्ये पोत कागदाला चिकटलेला राहतो. हातकागदाच्या खरबरीतपणासाठी तो बरा. दोन्हीही थोडक्यात भासच. खऱ्या ब्रशमध्ये फटकाऱ्याच्या सुरुवातीला रंग भरलेला आणि शेवटी विरळ असतो, तर इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पोत फिरत राहतो. एका शब्दात तीनदा तोच ओरखडा दिसला की जाणकार ओळखतात. मोठ्या कामात ग्रेनची चित्रं दोन-तीन वेगळी ठेवून अक्षरागणिक ब्रश बदलावा. बोरूच्या शाईचं दांड्याच्या तळाशी साचणं आणि तिथे किंचित गडद होणं प्रोक्रिएटमध्ये पटण्यासारखं येत नाही. त्याचा नाद सोडून द्या.

मोडीचं गणित निराळं. तिथे ओळभर रेघ आधी ओढतात आणि अक्षरं तिला लटकत, हात न उचलता, गोलाईनं पुढे जातात. बाळबोधला, म्हणजे देवनागरीला, मारक ठरणारं स्ट्रीमलाइन मोडीला उलट मानवतं. २५ ते ३० टक्क्यांवर वळणं सुरेख येतात. निब बारीक घ्यावी, २ मिलिमीटरच्या आसपास. आणि ओळ मध्येच थांबवू नये, कारण थांबल्यावर पुन्हा टेकवलेल्या जागी चपट्या पट्टीचा जोड दिसतो. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, पण छापील शीर्षकासाठी हाताचं मोडी अजूनही उजवं.

सिमेट्री गाइडवर रांगोळीचे किंवा पैठणीच्या काठाचे आकृतिबंध झटपट निघतात. सुलेखनाभोवती चौकट करायला ते सोयीचं आहे, पण आठही पाकळ्या हुबेहूब सारख्या आल्या की हातानं घातलेल्या रांगोळीची मजा जाते. अर्ध्यावर सिमेट्री बंद करून उरलेलं हातानं पूर्ण करावं.

रंग आणि छपाई

कॅनव्हास बनवतानाच आरजीबी (पडद्याचे रंग) की सीएमवायके (छपाईच्या शाईंचे रंग) हे ठरवावं लागतं. आरजीबीत सुरू केलेलं काम त्याच फाइलमध्ये नंतर सीएमवायके होत नाही. पडद्यावरचा झगझगीत केशरी छापखान्यात विटकरीकडे झुकतो आणि मग ग्राहक छपाईवाल्याशी भांडतो. पत्रिका, मुखपृष्ठ, फलक असं काही छापायचं असेल तर पहिल्याच पावलाला सीएमवायके घ्या. आकार शेवटच्या मापात, ३०० डीपीआयवर: ए-४ म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. माप जितकं मोठं तितके थर कमी मिळतात, कारण थरांची मर्यादा आयपॅडच्या मेमरीवर ठरते. अक्षराला तीन-चार थर पुरतात, त्यामुळे सुलेखनकाराला ही मर्यादा चित्रकाराइतकी जाचत नाही.

प्रोक्रिएट पिक्सेलवर चालतं. लिहिलेला शब्द ट्रान्सफॉर्मनं ताणला तर कडा मऊ पडतात, आणि प्रत्येक ताणाताणीत थोड्या अधिक. त्याहून वाईट म्हणजे निबची जाडीही बदलते. शेजारचा शब्द मूळ मापात आणि हा दीडपट, असं झालं की दोघांची लेखणी वेगळी दिसते. शब्द लहान-मोठा करण्यापेक्षा पुन्हा लिहा. हाच नियम ‘सर्वोत्तम अक्षरं निवडून जोडणे’ या मोहालाही लागू. दहा वेळा लिहिलेल्या शब्दातून चांगला ‘म’ आणि चांगला ‘रा’ उचलून जोडता येतो, पण दोन वेळच्या हाताचा वेग वेगळा असतो आणि जोडणीत तो लपत नाही. दहापैकी एक अख्खा शब्द निवडावा आणि त्यातलंच एखादं टोक सुधारावं.

व्हेक्टर: इथून पुढे दुसरं दुकान

ज्या कामाला अक्षर लहान शिक्क्यावरही आणि वीस फुटी फलकावरही जायचं आहे, त्याला व्हेक्टर हवं, म्हणजे पिक्सेलऐवजी बिंदू आणि रेषांत साठवलेलं, कितीही मोठं केलं तरी न बिघडणारं चित्र. प्रोक्रिएट एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टरची फाइल, देत नाही. पीडीएफ देतं, पण त्याच्या आतही पिक्सेलच असतात, आणि हे न कळल्यानं अनेकांची फसगत होते. म्हणून अक्षर पांढऱ्यावर काळं, ग्रेनशिवाय, हवं त्याच्या दुप्पट मापात लिहून पीएनजी काढायचं आणि इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करायचं, म्हणजे त्याच्या कडांवरून व्हेक्टर करून घ्यायचं.

इंकस्केप फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. ‘ट्रेस बिटमॅप’मध्ये ब्राइटनेस कटऑफ ०.४५ वर ठेवून सुरुवात करावी. खरी मेख ‘स्मूद कॉर्नर्स’मध्ये आहे. ते मुळात १.० वर असतं आणि त्या आकड्यावर बोरूचे तीक्ष्ण कोपरे गोल होऊन जातात: दांड्याचं तिरकं टोक साबणाच्या वडीसारखं दिसू लागतं. ०.७ च्या आसपास आणलं की कोपरे राहतात आणि वळणंही मोडत नाहीत. शून्याकडे नेलं तर गोलाई तुटून सरळ तुकडे होतात. ‘स्पेकल्स’ वाढवला की धुळीचे कण गळतात, पण फार वाढवला तर लहान मापातला अनुस्वारही गळतो. तेव्हा नुक्ते आणि अनुस्वार ट्रेसनंतर मोजून घ्यावेत. इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्येही हेच: कॉर्नर्स वर, नॉइज बेताचा, पांढरा भाग वगळायचा.

ट्रेस झालं म्हणजे काम झालं, असं नाही. सरळ दांड्याला चार बिंदू पुरतात. ट्रेस बारा-पंधरा टाकून ठेवतो, म्हणून मोठं केल्यावर दांडा लहरी दिसतो. जादा बिंदू एकेक करून काढायचे, गोलाईचे बिंदू सगळ्यात वर, खाली, डाव्या आणि उजव्या टोकाला आणायचे. शीर्षकातल्या चार-पाच अक्षरांना यात तास-दीड तास जातो, आणि दरपत्रकात तो धरलेला असावा. ग्रेन असलेलं अक्षर ट्रेस केलं तर हजारो बिंदू तयार होतात, फाइल जड होते आणि कटिंग प्लॉटर अडकतो. तसलं अक्षर पीएनजीच ठेवावं.

फॉन्टपर्यंत जायचं असेल तर ग्लिफ्स किंवा फुकटचं फॉन्टफोर्ज असं फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर लागतं, आणि मग अर्धी अक्षरं, रफार, ‘वाऱ्या’तला अर्धा ‘र’, मात्रांच्या जागा हे सगळं आलंच. तो महिन्यांचा उद्योग आहे आणि प्रोक्रिएटचा त्यात वाटा फक्त पहिल्या रेखाटनाचा.

प्रोक्रिएटमध्ये टाइप करायचीही सोय आहे, बाहेरचे फॉन्ट घालता येतात. मराठी मजकुरासाठी एक खबरदारी घ्या. देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ दोन वळणांचे असू शकतात: मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, आणि हिंदीच्या वळणाचे. अ‍ॅपला मजकूर मराठीत आहे हे सांगायची सोय नाही, त्यामुळे फॉन्टनं जे वळण मूळ धरलं असेल तेच उमटतं. वर हातानं लिहिलेलं ‘शुभविवाह’ मराठी वळणाचं आणि खाली टाइप केलेला पत्ता हिंदी वळणाचा, असं बऱ्याच पत्रिकांत दिसतं. फॉन्ट निवडतानाच ही दोन अक्षरं टाइप करून पाहावीत.

खटकणाऱ्या गोष्टी

मागे जाण्याची सोय २५० पावलांची आहे, पण फाइल बंद केली की ती सगळी पुसली जाते. गॅलरी आयपॅडमध्येच राहते, आपोआप दुसरीकडे जात नाही. अ‍ॅप काढून टाकलं तर काम गेलं. रोजच्या फाइली मूळ स्वरूपात किंवा फोटोशॉपच्या पीएसडीत बाहेर काढून ठेवण्याला पर्याय नाही. कोनाचा आकडा दाखवणारी पट्टी ब्रशला नाही, हे सुलेखनकाराला सगळ्यात जास्त बोचतं: ३५ अंशांची निब हवी असेल तर ‘शेप’मधल्या वर्तुळावर ती अंदाजानं फिरवावी लागते, नाहीतर शेपचं नवं चित्र करावं लागतं.

या एका बाबतीत क्रिटा पुढे आहे. हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर मुक्त आणि फुकट आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं. त्याच्या ऑटो ब्रशमध्ये आकार चौकोनी करून ‘रेशो’ ०.०७ च्या आसपास आणला आणि ‘अँगल’ला आकडा दिला की निब तयार, कोन बदलायचा तर फक्त आकडा बदलायचा. अडचण लिहिण्याच्या पाटीची. पडदा नसलेल्या साध्या ग्राफिक टॅब्लेटवर हात खाली आणि नजर समोर असते, आणि शिरोरेषेखाली नेमकं टेकवायची सवय व्हायला वेळ लागतो. आधीच अशी पाटी घरात असेल तर आयपॅड घेण्याआधी क्रिटावर महिनाभर लिहून पाहावं.

एकाच नावाचं बोधचिन्ह करायचं असेल तर दोन्हींची गरज नाही. बोरूनं गुळगुळीत कागदावर लिहा, ६०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, सरळ इंकस्केपमध्ये न्या. शाईचं साचणं, कडेचा जिवंतपणा हे सगळं फुकटात मिळतं. प्रोक्रिएटचा फायदा होतो तो रोज नवा मजकूर, रंगसंगतीचे चार पर्याय आणि ‘नाव जरा डावीकडे घ्या’ अशा दुरुस्त्या ज्यांच्या वाट्याला येतात त्यांना. शिकवणाऱ्यांनाही: टाइम-लॅप्समध्ये विद्यार्थ्यानं दांडा आधी ओढला की पोट, हे उघड दिसतं.

आयपॅड नवाच हवा असं नाही. नववी पिढी आणि पहिली पेन्सिल एवढ्यावर सगळं चालतं. साध्या आयपॅडच्या पडद्यात काच आणि चित्र यांच्यात बारीक फट असते, त्यामुळे पेन्सिलचं टोक आणि उमटणारी रेघ यांच्यात किंचित अंतर वाटतं. पाच घरांच्या मोठ्या अक्षराला ते जाणवत नाही, २ मिलिमीटरच्या मोडीला जाणवतं. वापरलेला घेत असाल तर दुकानातच मोनोलाइन ब्रश बारीक करून, स्ट्रीमलाइन शून्यावर आणून, पट्टी धरून दोन्ही दिशांना तिरक्या रेघा अगदी सावकाश ओढून पाहा. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी. रेघ जिथे लहरत असेल किंवा तुटत असेल तिथे पडद्याचं संवेदन बिघडलेलं आहे, आणि तो दोष कोणत्याही सेटिंगनं जात नाही.